चंद्रा नायडू : क्रिकेट-समालोचनातील पहिला स्त्री-आवाज

वागळे इस्टेटीतील कामगार आणि क्रिकेटचे समालोचन यांचा संबंध जुना आहे. इथला दिवस कारखान्यांच्या भोंग्यावर चालत असे त्या काळात कसोटी सामना सुरू असला की जेवणाच्या सुट्टीत डबे ट्रान्झिस्टरभोवती उघडत. यंत्राच्या खडखडाटात ज्याला धावांचा आकडा ऐकू आला नाही, त्याला तो शेजारच्याकडून कळे. टर्निंग खात्यातला आकडा पाच मिनिटांत पॅकिंग खात्यात पोहोचे. आमच्यापैकी फार थोड्यांनी कसोटीचे मैदान डोळ्यांनी पाहिले होते. ते पाहिले कानांनी. त्या आवाजांत बाईचा आवाज नसे, आणि तो नाही हे कोणाच्या ध्यानीही येत नसे.

श्रोतेहो, अन्याय झालेला दिसतो तेव्हा त्याविरुद्ध बोलणारा कोणीतरी निघतोच. परंतु जे नाही ते नाही हेच जिथे दिसत नाही, तिथे बोलणार कोण? म्हणून आज आम्ही अशा एका बाईंविषयी बोलणार आहोत, की ज्यांच्यामुळे ही उणीव पहिल्यांदा लोकांच्या कानी आली. त्यांचे नाव चंद्रा नायडू. भारतातील पहिल्या महिला क्रिकेट-समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. संघटनेचा कार्यकर्ता क्रिकेटवर कशासाठी बोलतो, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. समालोचन हे काम आहे. आणि काम कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, एकदा मिळाले तर टिकते की नाही, हा आमचा रोजचा विषय आहे.

प्रथम त्या कामाची ओळख करून घेऊ. गोलंदाज धावायला लागल्यापासून चेंडू पुन्हा त्याच्या हाती येईपर्यंतचा वेळ थोडका. तेवढ्यात गोलंदाज कोण, फलंदाज कोण, क्षेत्ररक्षक कुठे उभा, चेंडू कुठे गेला आणि धावा किती, हे सांगायचे असते. शेजारी गुणलेखक बसलेला असतो. त्याच्या वहीवर एक डोळा आणि मैदानावर दुसरा. दूरचित्रवाणीवर शब्द चुकला तर चित्र सांभाळून घेते. रेडिओवर शब्द चुकला की ऐकणाऱ्यापुढचे अवघे मैदानच चुकते. षटकांच्या मधल्या रिकाम्या वेळात जुन्या सामन्यांची आठवण हवी, नियमांची जाण हवी, आणि कुठे गप्प राहावे याचेही भान हवे. दमसास, स्मरण, भाषा आणि खेळाचे ज्ञान ही या कामाची भांडवले. यांतले एकही असे नाही की जे पुरुषाकडेच असते.

आपल्याकडे हे काम सुरू झाले ते एका माणसाच्या मक्त्याने. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे लोकांचे 'बॉबी' तल्यारखान, यांनी रेडिओवरून केले. दिवसभर एकटे बोलत राहण्याची त्यांची ताकद विलक्षण होती. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हा रेडिओने एकाऐवजी अनेक समालोचक नेमण्याचे ठरवले. मायक्रोफोन वाटून घेणे तल्यारखान यांना मान्य नव्हते. ते बाजूला झाले. त्यांच्या गुणांविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु संघटनेच्या दृष्टीने या घटनेत एक मोठी गोष्ट घडली. एका माणसाचे काम पाळ्यांत वाटले गेले. काम पाळ्यांत वाटले गेले म्हणजेच नव्या माणसाला शिरायला जागा होते. पिअर्सन सुरिटा, बेरी सर्वाधिकारी, देवराज पुरी, विजय मर्चंट असे आवाज पुढे घरोघरी पोहोचले. मराठीत बाळ ज. पंडितांनी हा खेळ इंग्रजी न येणाऱ्या माणसापर्यंत आणला. आपल्या भाषेत एवढ्या वेगवान खेळाचे वर्णन होऊ शकते हे त्यांनी सिद्ध केले. जागा वाढल्या, भाषा वाढल्या. परंतु त्या सगळ्या जागांवर पुरुषच बसले.

रेडिओवर बायका नव्हत्या असे मात्र नाही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, सईदा बानो यांनी दिल्ली केंद्रावरून उर्दू बातम्या वाचायला सुरुवात केली. मुंबई केंद्रावर 'वनिता मंडळ' होते. नीलम प्रभूंच्या 'मीनावहिनी' तर महाराष्ट्राच्या घरातल्याच झाल्या. म्हणजे बाईचा आवाज लोकांना खपत नव्हता, ही सबब खोटी होती. खपत होता तो ठरलेल्या जागी: नाटकात, गाण्यात, पाककृतीत, मुलांच्या कार्यक्रमात. लिहून दिलेला मजकूर बाईने वाचावा, याला हरकत नव्हती. समोर घडते आहे त्याचा अर्थ आपल्या डोक्याने, त्याच क्षणी, हजारो माणसांना सांगावा, ही मुभा तिला नव्हती. कारखान्यातही हेच आहे. बाई पॅकिंगला चालते, तपासणीला चालते. यंत्राचा निर्णय घ्यायचा आला की सुपरवायझर पुरुष लागतो.

आता इंदूरला जाऊ. हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी होळकरांच्या राज्यामुळे मराठी माणसाला ते परके नाही. तिथल्या बोलण्यात, सणावारांत, नाटकांत मराठी पिढ्यान् पिढ्या नांदली आहे. या शहरात नायडू घराणे आले ते नागपुरातून. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के., यांचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५ चा. शिक्षण तिथल्याच हिस्लॉप संस्थेतले. घरची भाषा तेलुगू, परंतु वाढले ते विदर्भात. १९२३ मध्ये होळकर दरबाराने त्यांना बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. १९२६ च्या डिसेंबरात मुंबई जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. परक्या राज्यकर्त्यांचा चेंडू सीमेबाहेर पडताना पाहून त्या दिवशी लोकांना काय वाटले असेल, ते सांगायला नको. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कर्णधार तेच होते.

या घरात १९३३ च्या सुमारास चंद्रा यांचा जन्म झाला. त्या वाढत होत्या ती वर्षे होळकर संघाच्या वैभवाची. १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करूनही मुंबईपुढे हरला. पुढच्याच मोसमात होळकर संघाने करंडक जिंकला आणि १९५२-५३ पर्यंत एकूण चार वेळा तो इंदूरला नेला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर हे त्या संघातले खेळाडू. अशा घरात आणि अशा गावात वाढणाऱ्या मुलीला क्रिकेट शिकवावे लागत नाही. तथापि ऐकणे आणि खेळणे यांत अंतर आहे, आणि मुलीसाठी ते फार मोठे होते. वडिलांची बॅट घरात असली, तरी ती घेऊन उतरायला मुलींचे मैदान नव्हते.

चंद्रा नायडू स्वतः क्रिकेट खेळल्या. हे त्यांनी केले तेव्हा देशात बायकांच्या क्रिकेटची संघटनाही नव्हती. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली आणि तिला मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय महिला पहिली कसोटी मालिका खेळल्या. त्या काळी या मुली कशा खेळत, हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे: आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास, वसतिगृहांतल्या जमिनीवर झोप, सगळ्यांत मिळून थोड्या बॅटी. मध्य प्रदेशात या खेळाला उभे करण्याची खटपट करणाऱ्यांत चंद्रा नायडू होत्या. व्यवसायाने त्या इंग्रजीच्या प्राध्यापिका. इंदूरच्या शासकीय कन्या महाविद्यालयात शिकवीत आणि तिथूनच प्राचार्य म्हणून निवृत्त झाल्या.

१९७७ मध्ये टोनी ग्रेगच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ एमसीसीच्या नावाने भारतात होता. त्या नावाने इंग्लंडचा संघ परदेशी जाण्याचा हा शेवटचाच हिवाळा. मुंबई त्या वेळी रणजी विजेती होती. विजेत्या मुंबईचा आणि एमसीसीचा सामना इंदूरला झाला आणि त्या सामन्याच्या समालोचनासाठी चंद्रा नायडू बसल्या. पन्नास वर्षांपूर्वी याच एमसीसीसमोर वडिलांनी बॅटने जे केले होते, त्याच खेळाचे वर्णन करायला आता मुलगी मायक्रोफोनपुढे आली होती. सी. के. हे पाहायला नव्हते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरलाच त्यांचे निधन झाले होते.

इथे एक आक्षेप निघतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. "सी. के. नायडूंची मुलगी होती म्हणून मिळाले," असे म्हणता येईल. आमचे म्हणणे असे, की नावाचा उपयोग झाला नाही असे कोण सांगेल? बंद दारे बहुधा आतल्या ओळखीच्या माणसासाठीच आधी उघडतात. परंतु नाव दारापर्यंत नेते, मायक्रोफोनपुढे बसल्यावर पुढला चेंडू नाव सांगत नाही. तिथे पाहणारे डोळे आपलेच लागतात आणि शब्दही आपलेच. शिवाय नामवंत खेळाडूंचे मुलगे या देशात थोडे झाले नाहीत. त्यांना वडिलांच्या नावावर संघात घेतले, समितीत घेतले, समालोचनालाही बसवले, तेव्हा हा आक्षेप इतक्या जोराने कोणी घेतला नाही. जी तपासणी मुलाची होत नाही ती मुलीची का व्हावी? खेळलेली बाई, वर्गात रोज तासन् तास बोलणारी प्राध्यापिका, क्रिकेटच्या घरात वाढलेली व्यक्ती: एवढी तयारी त्या वेळच्या किती पुरुष समालोचकांपाशी होती, हाही प्रश्न विचारायला हवा.

आमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. पहिली बाई बसली. मग दुसरी कधी बसली?

जगाकडे पाहिले तर दिसते, की हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. ऑस्ट्रेलियात चॅनेल नाइनने केट फिट्झपॅट्रिक या अभिनेत्रीला क्रिकेटच्या समालोचनात आणले ते १९८३ मध्ये, आणि तिच्या वाट्याला टीका व थट्टाच अधिक आली. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या 'टेस्ट मॅच स्पेशल' या प्रसिद्ध कार्यक्रमात बार्बाडोसच्या डॉना सिमंड्स बोलल्या ते १९९८ मध्ये. म्हणजे इंदूरचे ते मायक्रोफोन मोठमोठ्या देशांच्या पुढे होते. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यानंतर आपल्याकडे काय झाले? रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर क्रिकेटची भरभराट झाली, १९८३ चा विश्वचषक आला, खासगी वाहिन्या आल्या, आणि तरीही २००३ च्या विश्वचषकात मंदिरा बेदी पडद्यावर आल्या तेव्हा लोकांना बाई क्रिकेटवर बोलते याचेच नवल वाटले. चर्चा त्यांच्या प्रश्नांची झाली नाही, साडीची झाली. १९७७ आणि २००३ यांत २६ वर्षे जातात. एक कामगार कामाला लागून निवृत्तीच्या जवळ पोहोचावा, इतका हा काळ.

असे का होते, हे आम्ही कारखान्यात जवळून पाहिले आहे. एका कारखान्यात पहिल्यांदा एका मुलीला लेथवर उभे केले. आयटीआय शिकलेली, हाताला सफाई असलेली मुलगी. तिचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर आला. पुढच्या वर्षी आणखी दोघींनी अर्ज केला, तेव्हा उत्तर मिळाले, "आमच्याकडे आहे एक." पहिलीला नेमणे ही मालकाच्या दृष्टीने शोभा असते. दुसरीला, तिसरीला नेमणे हे धोरण असते, आणि धोरण आले की स्वच्छतागृह आले, पाळीची वेळ आली, घरी पोहोचवायची गाडी आली, बढतीचा हिशेब आला. म्हणून पहिलीचा सत्कार लवकर होतो आणि दुसरीचा अर्ज फाइलीत राहतो.

इंदूरचा सामना झाला त्याच्या आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, समान वेतनाचा कायदा झाला होता. सारख्या कामाला सारखा पगार, एवढेच त्यात नव्हते. कामावर घेतानाही केवळ बाई आहे म्हणून डावलू नये, असे कलम त्यात होते. तो कायदा पुढे वेतन संहितेत सामावला गेला. परंतु समालोचनासारखे काम सामन्यापुरते बोलावून दिले जाते. तिथे अर्ज नाही, यादी नाही, नाकारल्याचा कागद नाही. ज्या कामाला नाकारल्याचा कागदच नाही, तिथे कायदा कोणाला पकडणार? कंत्राटी कामगारांत काम करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नोकरी टिकली नाही असे म्हणता येत नाही, कारण नोकरी म्हणून ती दिलेलीच नसते. चंद्रा नायडूंची उपजीविका महाविद्यालयावर होती, म्हणून समालोचनाचे आमंत्रण आले-न-आले तरी त्यांचे चालले. ज्या मुलीला तेच पोट भरायचे साधन करायचे असेल, तिला मात्र एका सामन्याचा मान पुरत नाही.

त्या स्वतः पहिलेपणाचा मान मिरवीत बसल्या नाहीत. मुलींना शिकवणे आणि मुलींचे क्रिकेट वाढवणे चालूच होते. १९८२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटीला ५० वर्षे झाली त्या वर्षी लॉर्ड्सवर झालेल्या सामन्याला त्या उपस्थित होत्या. १९९५ मध्ये त्यांनी वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले; 'सी. के. नायडू : अ डॉटर रिमेंबर्स' हे त्याचे नाव. विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की वडिलांच्या आयुष्याची नोंद मुलीने केली. मुलीच्या समालोचनाची तशी नोंद कोणी केली नाही. ४ एप्रिल २०२१ रोजी, ८८ व्या वर्षी, इंदूरला त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या बातम्यांतही प्रथम आले ते 'सी. के. नायडूंची कन्या', आणि मग 'पहिल्या महिला समालोचक'.

मधल्या काळात दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या बाईची वाट मोकळी झाली, हेही सांगितले पाहिजे. ती कोणाच्या मेहेरबानीने झाली नाही. बायका खेळू लागल्या, खेळून निवृत्त झाल्या आणि त्यांतून समालोचक घडले. भारताच्या माजी कर्णधार अंजुम चोप्रा हे त्याचे ठळक उदाहरण. २०१५ च्या आयपीएलमध्ये त्यांच्याबरोबर ईसा गुहा, मेल जोन्स आणि लिसा स्थळेकर या समालोचन करीत होत्या. यांतल्या लिसा स्थळेकरांचा जन्म १९७९ मध्ये पुण्यातला. स्थळेकर कुटुंबाने त्यांना दत्तक घेतले, त्या ऑस्ट्रेलियात वाढल्या, त्या देशाच्या कर्णधार झाल्या आणि नंतर मायक्रोफोनपुढे आल्या. आम्हांला त्यांचे अधिक कौतुक आहे ते आणखी एका कारणाने: २०२२ मध्ये जगभरच्या क्रिकेटपटूंच्या संघटनांचा जो महासंघ आहे, त्याच्या त्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भारतीय मंडळाने महिला व पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन सारखे केले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. वार्षिक करारांतली तफावत त्याने मिटली नाही. पण सारख्या कामाला सारखा दाम, हे आमचे जुने वाक्य क्रिकेटच्या मैदानावर निदान सामन्यापुरते तरी मान्य झाले.

आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी, इथून ट्रान्सहार्बरच्या लोकलने जाता येईल अशा नेरुळच्या मैदानावर, हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेचे समालोचन करणाऱ्यांत बायका होत्या, आणि बायका समालोचन करतात याची बातमी झाली नाही. ज्या दिवशी एखाद्या गोष्टीची बातमी होणे थांबते, त्या दिवशी ती रूढ झाली असे समजावे.

परंतु ही सारी वरच्या मजल्याची हकिगत झाली. आपल्या मजल्यावर काय आहे? ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे किती सामने होतात हे आपण जाणता. मंडप असतो, करंडक असतो आणि मांडवात माईक घेऊन मराठीत बोलणारा समालोचक असतो. लोक खेळाइतकेच त्याच्या बोलण्याला हसतात, टाळ्या देतात. आयपीएलही मराठीतून ऐकायची सोय झाली. म्हणजे या कामाला आता बाजारही आहे. त्या मांडवातल्या माईकवर आपण मुलगी कधी ऐकली? खेळाची जाण असलेल्या मुली या भागात नाहीत असे कोणी म्हणू नये. शाळांत, महाविद्यालयांत, कारखान्यांच्या संघांत त्या आहेत. माईक त्यांच्याकडे जात नाही, एवढेच.

तेव्हा या व्याख्यानातून एकच मागणी करून आम्ही थांबतो. इथे निरनिराळ्या मंडळांचे आणि युनियनांचे कार्यकर्ते बसले आहेत. येत्या स्पर्धांत समालोचनाच्या पाळ्या लावताना निम्म्या पाळ्या मुलींना द्याव्यात. एकीला नव्हे, चौघींना द्याव्यात. कारण एकटी असली की तिच्या एका चुकीवरून साऱ्या बायकांचा निकाल लावला जातो, आणि चौघी असल्या की चूक ज्या-त्या व्यक्तीची ठरते. पुरुषांना जेवढे मानधन तेवढेच त्यांनाही द्यावे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा बोलवावे. १९७७ मध्ये इंदूरला जे सुरू झाले ते पुढे नेण्याचा एवढा साधा मार्ग आहे, आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.